जोशांच्या वाटणीचं पाणी

जोशीकाकांची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे दीड वर्षानं.

पुण्याहून बदली होऊन मी नुकतीच दिल्लीला आले होते. ऑफिस दिल्लीत आणि घर फरीदाबादच्या पार टोकाला, जिथं शहर दमून थांबतं आणि अरवलीची काटेरी झुडपं सुरू होतात. नोव्हेंबरचे दिवस होते. सकाळी खिडकी उघडावी तर समोरची इमारत गायब, खालचा रस्ता गायब, आणि नाकात कुणीतरी ओली गोवरी पेटवल्यासारखा वास. अशा त्या धुरकटात मी सोसायटीच्या मागच्या बाजूला फिरायला म्हणून गेले, तर बादलीची कडी वाजली. माकडटोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ एका कोवळ्या झाडापाशी वाकून तांब्यानं पाणी घालत होते. घालत कसले, एखाद्याला पाजावं तसे सावकाश ओतत होते. खोडाला काटे आणि बुंध्याशी छोटीशी पाटी.

"कुणाचं झाड हे?" मी आपलं बोलायचं म्हणून हिंदीत विचारलं.

"माझंच," त्यांनी माझ्याकडे न बघता मराठीत उत्तर दिलं. मराठी माणूस मराठी माणसाचं हिंदी दुरून ओळखतो.

"तुम्ही लावलंत?"

"छे. मी कशाला लावू? माझ्यासाठी लावलंय. मी गेलो तेव्हा."

मी पाटी वाचली. 'स्व. श्री वी. के. जोशी', आणि खाली मृत्यूची तारीख. मग त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हात टोपीला पुसून नमस्कार केला आणि म्हणाले, "जोशी. वी. के. असुविधा के लिए खेद है."

खोटं कशाला बोलू, माझी बोबडी वळली. मागं वळून पाहिलं तर आमची इमारतही दिसत नव्हती.

आमच्या हरितकुंज सोसायटीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर हे प्रकरण कळायचं नाही. इथली माणसं पर्यावरणाच्या बाबतीत अतिशय कडवी. कचऱ्याचे चार वेगवेगळे डबे, दिवाळीत एक टिकली फुटत नाही, आणि भाजीवाल्याकडून कुणी प्लास्टिकच्या पिशवीत कोथिंबीर आणलीच तर ती पदराखाली लपवून आणावी लागते. फाटकापाशी एक फळा आहे. त्यावर दर आठवड्याला 'हरित-वार्ता' नावाचं पत्रक लागतं, तेही एका बाजूनं वापरलेल्या कागदावर. हवा किती वाईट आहे, खताचा खड्डा कधी उघडणार, कुंपणापलीकडून नीलगाय आत आली होती, कुणी माकडांना खायला घातलं, अशा सगळ्या बातम्या त्यात. लिहिणारे सेक्रेटरी खुराना जी. गोरे, जाडजूड, पोटात कुठलीही गोष्ट न राहणारे पंजाबी गृहस्थ. आणि सोसायटीतला सर्वांत कडक नेम असा, की इथं कुणी वारलं की हारफुलं नाहीत, जाहिरात नाही. मागच्या पट्ट्यात त्या माणसाच्या नावानं एक झाड लावायचं आणि खड्ड्यात त्याची चिमूटभर रक्षा टाकायची. त्या पट्ट्याला स्मृतिवन म्हणतात.

करोनाच्या त्या भयंकर उन्हाळ्यात जोशीकाका इस्पितळात होते. काकू स्वतः घरात तापानं फणफणलेल्या, मुलगी मेधा नागपूरला अडकलेली. म्हणून इस्पितळाच्या कागदावर फोन नंबर दिला होता खुराना जींचा. एका सकाळी त्यांना फोन आला, आपके वी. के. जोशी नहीं रहे. खुराना जी गेले. गुंडाळलेला देह उघडून बघायची तेव्हा सोय नव्हती. पांढरा झगा चढवून त्यांनीच अग्नी दिला, त्यांनीच रक्षा आणली, आणि वनखात्याच्या रोपवाटिकेत तेव्हा जे एकच रोप शिल्लक होतं ते, काटेसावरीचं, काकांच्या नावानं लावून टाकलं. आमच्या सोसायटीत बाकी काही वेळेवर होवो न होवो, झाड वेळेवर लागतं.

पुढची हकिगत काकूंच्या तोंडून ऐकावी. "कुंकू पुसून बसले होते हो मी. आणि फोन वाजला. हे म्हणतात, अगं, माझा चष्मा पाठवायचा राहिलाय. मी विचारलं, तुम्ही कुठून बोलताय? तर म्हणे, वॉर्डातून, आणखी कुठून बोलणार? मला वाटलं, तिकडंही वॉर्ड असतात. म्हटलं, तिथं त्रास नाही ना काही?"

शेजारच्या खाटेवर दुसरे वी. के. जोशी होते. आपले विनायक कृष्णाजी, ते विनोद कुमार. आपले साताऱ्याकडचे, ते अल्मोड्याकडचे पहाडी. जोशी दोन्हीकडे असतात हे दिल्लीत राहणाऱ्याला माहीत असतं, पण त्या दिवसांत कोण कुणाला विचारत होतं? त्या जोशांचा भाऊ पुढं पत्ता काढत सोसायटीत आला. झाडापाशी उभा राहिला. रुमालात मूठभर माती बांधून घेतली. पाटी बदलू का म्हणून विचारलं तर म्हणाला, "रहने दीजिए. नाम तो ठीक ही है. माँ को अभी बताया नहीं है." अशा रीतीनं पाटी राहिली. वी. के. जोशी तर खरोखरच गेले होते.

फळ्यावर मात्र खुराना जींना दुरुस्ती लावावी लागली. 'श्री वी. के. जोशी जी का निधन नहीं हुआ है. असुविधा के लिए खेद है.' काकांनी हे वाक्य जन्माचं उचललं. कपातला चहा सांडला, कुणाच्या घरी अवेळी गेले, लिफ्टमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला, की हात जोडून, "असुविधा के लिए खेद है." एकदा मला म्हणाले, "सरकारी नोकरीत छत्तीस वर्षं काढली, पण माझ्या जिवंत असण्याबद्दल लेखी दिलगिरी प्रथमच मिळाली." हसताना त्यांचे खांदे हलत, आवाज येत नसे. त्या पट्ट्यात उभं राहून तसं बिनआवाजाचं हसणं बघणं काही सुखाचं नव्हतं.

त्या पहिल्या सकाळीच त्यांनी मला विचारलं होतं, "तुम्ही किती वर्षं आहात इथं?"

"बदलीची नोकरी. असेन तीन-चार वर्षं."

"मग तुमचा उपयोग नाही," ते म्हणाले आणि रिकामी बादली बाकाखाली पालथी घातली. "मला माणूस हवाय. माझ्यामागं याला पाणी पाजायला."

हा ध्यास त्यांना शेवटपर्यंत होता. औषधांबद्दल बोलत नसत, पैशांबद्दल नसत, मुलीकडे राहायला जायचं का यावर तर तोंडच उघडत नसत. पण कुणी नवीन राहायला आलं की चौकशी सुरू. नोकरी कायमची का? गुडघे कसे आहेत? सकाळी लवकर उठता का? लोक हसून म्हणत, जी अंकल, डाल देंगे पानी. काका मान हलवत. "डालनेवाले बहुत हैं. मला पाजणारा हवाय." काकूंचे गुडघे गेलेले, त्या जिना उतरत नसत. आणि खुराना जी, ज्यांनी हे झाड लावलं, ते त्या कोपऱ्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. स्मृतिवनातून जायची वेळ आली तर कुंपणाच्या कडेनं लांबून वळसा घालून जात. बिचाऱ्यांनी ज्या माणसाला स्वतःच्या हातानं अग्नी दिला तो रोज सकाळी "राम राम जी" म्हणत समोर यायचा. काका मुद्दाम त्यांना हाका मारत. "खुराना जी, डरिए मत! अबकी बार आपसे पूछकर ही जाएँगे!" खुराना जींचा गोरा चेहरा आणखी गोरा व्हायचा.

पाणी कुठलं, तर घरातल्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाजूला पडतं ते. आमच्याकडे पिण्याचं एक भांडं गाळायचं तर त्याहून जास्त पाणी नळीवाटे फेकलं जातं. हरितकुंजात ते फेकणं म्हणजे पाप. काका ते बादलीत साठवत आणि म्हणत, "एकाच नळाचं पाणी. त्यातला एक वाटा मी पितो, एक हा पितो." तेव्हा मला हे पाणी वाचवणाऱ्या म्हाताऱ्याचं बोलणं वाटलं. अशी माणसं आमच्याकडे पैशाला पासरी होती.

काटेसावर झपाट्यानं वाढली. आसपासच्या कडुनिंबांच्या डोक्यावरून वर गेली. हिवाळ्यात तिची पानं सगळी झडत आणि धुक्यात ते काटेरी, उघडं झाड वठल्यासारखं दिसे. दर वर्षी कुणीतरी हळहळून म्हणे, अरेरे, जोशी जी का पेड़ मर गया. काका शांतपणे सांगत, "मेलेलं दिसणं वेगळं, मेलेलं असणं वेगळं. मला विचारा."

आणि त्या झाडावर कावळे येऊ लागले.

आमच्या भागात कावळे दिसेनासे झालेत. कबुतरं म्हणाल तेवढी. पितृपक्षात लोक गच्चीवर पोळीचा घास ठेवून तासन्‌तास आकाशाकडे बघत बसत. पण काकांच्या झाडावर कावळे असत. इतर कुठल्याही झाडावर नाही, नेमके तिथं. ओरडत नसत, भांडत नसत, ओळीनं बसून असत. मग साहजिकच मराठी घरांतले दहाव्याचे पिंड त्या झाडाखाली येऊ लागले, पाठोपाठ पंजाब्यांचे आणि उत्तर प्रदेशी मंडळींचे श्राद्धाचे घासही. पाटीवर ज्याचं नाव तो जोशी समोरच्या बाकावर बादली घेऊन बसलेला, आणि पाटीपुढं दुसऱ्यांचे पिंड मांडलेले, असं दृश्य मी अनेकदा पाहिलं आहे.

सक्सेनांच्या अम्माजी वारल्या तेव्हाची गोष्ट. घास ठेवून बराच वेळ झाला, कावळा हलेना. मुलगा हात जोडून एकेक कबूल करत होता, बहिणीला सांभाळीन, गावचं घर विकणार नाही. वर सगळे ढिम्म. काका पाणी पाजून परत निघाले होते. जाता जाता थबकले, वर बघितलं आणि सक्सेनांना म्हणाले, "उनकी खिड़की बंद की है क्या?" अम्माजी सगळा दिवस खिडकीत बसून असायच्या. हवा खराब म्हणून मुलानं त्यांच्या मागं ती खिडकी चिकटपट्टी लावून पक्की बंद केली होती. सून धावत वर गेली. आम्ही खाली उभे. तिसऱ्या मजल्यावर चिकटपट्टी फाडल्याचा चर्रर्र आवाज आला, तावदान उघडलं, आणि एक कावळा उतरून घास घेऊन गेला.

सक्सेना काकांच्या पाया पडले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना टाळू लागले. पुष्कळ लोक टाळू लागले. मी शिकलेली बाई. मी ते योगायोगाच्या खात्यात टाकलं. पण त्यानंतर मी माझ्या सासूबाईंच्या फोटोला रोज नमस्कार करू लागले, हेही खरं.

मी काकांना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं कुठं? अंदाज," ते म्हणाले. "आपल्याला वाटतं त्यांना मोठमोठी वचनं हवी असतात. गेलेल्या माणसाचं मागणं अगदी बारीक असतं गं. एवढंसं काहीतरी राहिलेलं असतं."

काकूंनी मला आणखी एक सांगितलं. पुतण्याच्या लग्नाला दोघं पुण्याला गेले होते. आठवडाभर राहायचं ठरलं होतं, पण दुसऱ्याच दिवशी काकांचे ओठ फुटले, जीभ कोरडी पडली. तांब्यामागून तांबे पाणी पीत होते. डॉक्टरांनी साखर तपासली, सगळं ठीक. हळदीच्या दिवशीच मंडळी गाडीत बसली. फरीदाबादला टॅक्सीतून उतरल्यावर काका सामान तसंच ठेवून बादली घेऊन मागं गेले. "परत आले तर चेहरा टवटवीत," काकू म्हणाल्या. "मी काही विचारलं नाही. एकदा परत आलेल्या माणसाला फार विचारू नये."

मला त्यांनी आपणहून सांगितलं ते मागच्या मे महिन्यात. उष्णतेची लाट होती, वीज गेलेली, टँकरच्या पाण्यावर दिवस काढणं चाललं होतं. यंत्र बंद, म्हणजे फेकायचं पाणीही नाही. काका स्वतःच्या पिण्याच्या बाटल्या घेऊन झाडाखाली बसलेले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी रागावले. वयाला शोभत नाही, झाडांसाठी समितीनं नळ्या घातल्यात, थेंब थेंब पाणी पडतंच आहे, तुम्ही आधी प्या, असं बरंच काही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाटली मातीत ओतली. ओतताना त्यांच्या गळ्यातली घाटी वरखाली हलली. कुणी घोट घेताना हलते तशी.

"नळीनं घालणं आणि हातानं पाजणं यात फरक आहे," ते म्हणाले. मग बाटलीचं झाकण लावत, "हिला सांगायचं नाही कबूल असेल तर सांगतो."

मी बसले.

"तो शेजारच्या खाटेवर होता. आमची ओळख नावापुरती. नर्स हाक मारायची, जोशी जी, की आम्ही दोघंही बघायचो आणि हसायचो. मास्कमधून हसणं डोळ्यांत दिसतं. शेवटच्या संध्याकाळी तो माझ्याकडे बघून म्हणाला, जोशी जी, पानी. माझ्या उशाशी बाटली होती. नाकाला नळ्या होत्या, अंगात त्राण नव्हतं, हे खरंच आहे. पण हात पोचत नव्हता की मी पोचवला नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो पुन्हा म्हणाला, जोशी जी, पानी. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा खाट रिकामी होती." काका झाडाच्या काट्यांवरून, न टोचेल असं, बोट फिरवत होते. "तेव्हापासून मला तहान लागते ती माझी नसते. मी कितीही प्यायलो तरी भागत नाही. याला पाजलं की माझा घसा ओला होतो. आता सांग, माझ्यामागं हा कुणाकडे मागणार?"

मला तेव्हा त्यांचा हात धरावासा वाटला. मी धरला. भर मे महिन्यात तो गार होता. माणसं अपराध मनात ठेवून उदास होतात, कुढतात, देवळांच्या पायऱ्या झिजवतात. या माणसानं आपला अपराध रोज सकाळी बादलीत भरून उचलला होता आणि वर चारचौघांत विनोद करत होता. त्या दिवसापासून मला काकांची भीती कमी आणि माया जास्त वाटू लागली. भीती पुरती गेली मात्र नाही.

या जानेवारीत ते गेले. छातीत कफ दाटला होता, पण इस्पितळात जायला त्यांनी साफ नकार दिला. "एकदा तिथून गेलोय," म्हणाले. घरीच, खिडकीशेजारच्या पलंगावर. काकू चमच्यानं पाणी देत होत्या तर तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिले, एवढंच त्या सांगतात.

बातमी पसरली आणि फोनवर फोन. जो तो विचारी, "पक्का ना?" मी रडत होते आणि "हो, पक्कं" म्हणून सांगत होते, आणि मध्येच मला हसू येत होतं. खुराना जी फळ्यावर लिहायला धजेनात. ते स्वतः घरी आले. पलंगाशेजारी स्टूल ओढून बसले, काकांचा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ तसेच धरून राहिले. मग उठून खालच्या आवाजात मला म्हणाले, "हाँ जी. इस बार यही हैं." दुसरं झाड लावायचा विषय निघाला तेव्हा काकूंनी सांगितलं की त्यांचं झाड आहे. त्यांची चिमूटभर रक्षा त्याच काटेसावरीच्या मुळाशी गेली. पाटीला कुणी हात लावला नाही.

त्या दिवसांत झाडाला पाणी घातलं गेलं नाही. मी एकदा बादली घेऊन गेले होते, पण काकांना कधी न अडवणाऱ्या माळ्यानं मला अडवलं. "मैडम, ये अभी सोया हुआ है. ठंड में पानी दोगे तो जड़ सड़ जाएगी." नळ्याही थंडीपुरत्या बंद केल्या होत्या. माळ्याला झाडातलं जास्त कळतं म्हणून मी परत आले.

दहाव्या दिवशी पिंड मांडले ते तिथंच. धुकं इतकं की बाकावरून झाडाचा शेंडा दिसत नव्हता, खालच्या फांद्या तेवढ्या दिसत होत्या. त्यांवर कावळे बसलेले. मी इतके एकत्र कधी पाहिले नव्हते. सगळ्यांचं तोंड पलीकडे, आमच्याकडे पाठ. दिल्लीहून आलेले गुरुजी, मेधा, मोठ्या प्रयासानं जिना उतरवून आणलेल्या काकू, मी आणि सोसायटीतली दहा-बारा माणसं. भात निवून गेला. एकही हलेना.

मेधा हात जोडून म्हणाली, "बाबा, आईला मी एकटी ठेवणार नाही. नागपूरला नेईन." काही नाही. काकू म्हणाल्या, "मी औषधं वेळेवर घेईन हो. रडत बसणार नाही." त्या रडतच होत्या. मी म्हणाले, "काका, या झाडाला कुणाला हात लावू देणार नाही." वर पंखसुद्धा हलला नाही. सक्सेना पुढं आले, त्यांनी काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. मेधानं माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुखत होतं. वडील काहीतरी मागताहेत आणि आपल्याला ते कळत नाही, यासारखं दुसरं दुःख नसावं.

खुराना जी लांब कुंपणापाशी उभे होते, नेहमीसारखे. त्यांना आमच्या विधीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ते हळूहळू पुढं आले आणि मला विचारलं, "क्या बात है जी? हो नहीं रहा?" मी मान हलवली. त्यांनी झाडाकडे पाहिलं, मातीकडे पाहिलं. मग बाकाखालची पालथी बादली दिसली तशी ती उचलली आणि आपल्या घराकडे निघून गेले. गुरुजींनी दर्भाला गाठ मारली होती तेवढ्यात धुक्यातून कडीचा आवाज आला. तो आवाज ऐकून काकूंनी झटकन मान वर केली. आम्ही सगळ्यांनीच केली.

बादली भरून घेऊन खुराना जी आले. तांब्या आणला नव्हता. त्यांनी ते अवजड शरीर कसंबसं गुडघ्यांवर टेकवलं, ओंजळ भरली आणि मुळाशी सोडली. पुन्हा भरली, पुन्हा सोडली. आणि म्हणाले, "लीजिए जोशी जी. पानी."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. वॉर्डातली ती गोष्ट काकांनी मला एकटीला सांगितली होती. मी ती कुणालाही सांगितलेली नव्हती, आजवर नाही. आणि माळ्याचं ऐकून पाण्याचं मलाही सुचलं नव्हतं.

पाठमोरे कावळे एकदम वळले. एक खाली उतरला, मधल्या पिंडाला चोच लावून उडाला आणि त्याच्यामागं दुसरा. मग सगळेच उतरले. गुरुजींच्या हातातला दर्भ तसाच राहिला. "हो गया?" खुराना जींनी गुडघ्यांवरूनच विचारलं. "हो गया," मी म्हटलं. ते रुमालानं डोळे पुसत होते आणि का रडतोय हे त्यांनाच कळत नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती कडीच्या आवाजानं. खिडकीतून खाली बघितलं तर धुक्यात वाकलेली आकृती, डोक्याला माकडटोपी. मी शाल गुंडाळून धावतच खाली गेले. खुराना जी होते. चेहरा ओढलेला, ओठ सुकून फुटलेले.

"क्या हुआ खुराना जी? इतनी सुबह?"

"पता नहीं जी," ते म्हणाले. आवाज खरखरीत येत होता. "कल से प्यास लगी है. पूरा जग पी गया, जाती ही नहीं. फिर सोचा, चलो, पहले इनको दे आऊँ."

त्यांनी ओंजळीनं पाणी सोडलं. माती ते पिऊन घेत होती. त्यांच्या गळ्यातली घाटी वरखाली हलली. मग त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि लांब श्वास घेतला.

"हाँ," ते म्हणाले. "अब ठीक है."

त्यांनी बादली बाकाखाली पालथी घातली, दोन पावलं गेले आणि परत वळून काही आठवल्यासारखं करून ती उचलून बरोबर घेतली.

"ये छोटी पड़ेगी जी," ते म्हणाले. "अब दो जने हैं."